लॉकिंग ट्रेमोलो ब्रिज बदलण्याआधी

गिटारची दांडी दाबली, तारा सैल पडून गुरगुरल्या, दांडी सोडली आणि पुढचाच कॉर्ड बेसूर लागला. लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे तारांची दोन्ही टोकं जखडून दांडीने स्वर हलवणारी यंत्रणा, असलेली गिटार वाजवणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतो. मग प्रश्न ठरलेला: ब्रिज, म्हणजे तारांची बॉडीकडची टोकं धरणारा भाग, बदलू का, आणि कोणता घेऊ? खाली पितळी ठोकळा असलेला की स्टीलचा, मूळ कंपनीचा की तिच्या स्वस्त मालिकेतला?

मला हा प्रश्न घाईचा वाटतो. ही यंत्रणा अनेक ठिकाणी सूर गमावू शकते आणि त्यातली काही ठिकाणं ब्रिजमध्ये नसतातच. ती कोणती हे न शोधता नवा ब्रिज आणला, तर तो चकाकता ब्रिजही दुसऱ्या दिवशी तसाच बेसूर होतो. बरं, गिटार स्वतःच सांगत असते की दुखणं कुठे आहे. ते ऐकायचं कसं, हे समजायला यंत्रणा मुळापासून पाहू.

नाव ट्रेमोलो, काम व्हायब्रेटोचं

संगीतात ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा करत थरथरवणं, आणि व्हायब्रेटो म्हणजे स्वराची उंची हलवणं. गिटारची दांडी स्वर हलवते, म्हणजे हे काम व्हायब्रेटोचं. पण लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या ब्रिजला ट्रेमोलो म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मीही तेच वापरतो.

त्या ब्रिजची कल्पना साधी होती. ब्रिज बॉडीला पक्का ठोकायचा नाही, पुढच्या कडेवर डोलता ठेवायचा. वरून तारा त्याला नेककडे, म्हणजे गिटारच्या लांब मानेकडे, ओढतात. ब्रिजखाली एक धातूचा ठोकळा लोंबतो, त्याला ब्लॉक म्हणतात. गिटारच्या पाठीतल्या पोकळीतल्या स्प्रिंग या ब्लॉकला धरून उलटा जोर लावतात. दांडी दाबली की ब्रिज पुढे झुकतो, तारा सैल होतात, स्वर उतरतो. दांडी सोडली की सगळं जागेवर यावं, अशी अपेक्षा.

तार जागेवर का येत नाही

नेहमीच्या गिटारवर तार ट्यूनरच्या, म्हणजे तार आवळायच्या खुंटीच्या, खांबाला गुंडाळलेली असते, तिथून नटच्या, म्हणजे नेकच्या टोकावरच्या आडव्या पट्टीच्या, खाचेतून जाते आणि ब्रिजपर्यंत पोचते. दांडी दाबली की तार या वाटेवर थोडी सरकते आणि सोडली की परत सरकायला हवी. गंजलेल्या कप्पीतून दोरी ओढून पाहा. ती जाते, पण परत येताना अडते. नटची खाच ही अशीच कप्पी असते. तार तिथे केसाच्या जाडीएवढी जरी अडकली, तरी कान लगेच ओळखतो. खांबावरचे वेढे सैल होऊन पुन्हा आवळतात, तेही दर वेळी तंतोतंत सारखे नाहीत.

दोन्ही टोकं जखडायची

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॉइड रोझ या अमेरिकी गिटारवादकाने यावर थेट उपाय काढला. तार सरकते म्हणून सूर जातो ना, मग तिला सरकूच द्यायचं नाही. नटवर धातूच्या तीन पट्ट्या बसवायच्या, प्रत्येकीने दोन तारा दाबून धरायच्या. ब्रिजवर प्रत्येक तारेचं टोक सॅडलमध्ये, म्हणजे तार जिथे टेकते त्या भागात, एका छोट्या ठोकळ्याने चिमटायचं. त्यासाठी तारेच्या टोकाचा धातूचा गोळा कापून टाकावा लागतो. आता हलतो तो फक्त दोन चिमट्यांमधला तुकडा. ट्यूनर या खेळातून बाहेर. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये मिळालं. एडी व्हॅन हेलन हे ती लवकर वापरणाऱ्या प्रसिद्ध वादकांपैकी एक.

पहिल्या रूपात एक गैरसोय होती. नट जखडल्यावर सूर किंचित हलला, तर सगळं उघडून पुन्हा लावा. म्हणून पुढे ब्रिजच्या शेपटीवर सहा छोटे स्क्रू आले, फाइन ट्यूनर. नट न उघडता बोटाने सूर जुळवता येऊ लागला आणि ही यंत्रणा रोजच्या वापरात आली.

सुरीच्या धारेवरचा तराजू

जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. त्याची आडवी दांडी मध्यभागी एका धारेवर टेकलेली असते. धार जितकी तीक्ष्ण, तितकी दांडी मोकळी डोलते आणि हलवून सोडली की त्याच जागी स्थिर होते. लॉकिंग ट्रेमोलो हा असाच तराजू आहे. ब्रिजच्या पाटीच्या पुढच्या कडेला दोन धारा असतात, आणि त्या बॉडीत रोवलेल्या दोन खांबांच्या खाचांत टेकतात. या खांबांना स्टड म्हणतात. ब्रिजला जागेवर धरणारा एकही खिळा नसतो, फक्त दोन बाजूंची ओढ असते.

ती ओढ थोडीथोडकी नाही. ९ ते ४२ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा संच तारांची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर नेहमीच्या सुरात लावला, तर सहा तारा मिळून सुमारे ३८ किलो ओढतात. १० ते ४६ चा संच लावला की हाच आकडा सुमारे ४७ किलोवर जातो. ही ओढ स्प्रिंगने तोलायची.

हे एकदा लक्षात आलं की या गिटारचे बरेचसे 'विचित्र' गुण विचित्र राहत नाहीत. एक तार तुटली की एका पारड्यातलं वजन कमी होतं, स्प्रिंग जिंकतात, ब्रिज मागे पडतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एक तार बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ताणून स्वर चढवला, की ओढ वाढते, ब्रिज पुढे झुकतो, बाकीच्या तारा उतरतात. तारांची जाडी बदलली किंवा सूर अर्धा स्वर खाली लावला, तर स्प्रिंग पुन्हा तोलाव्या लागतात. यातला एकही दोष नाही. सगळ्यात महागड्या ब्रिजवरही हे असंच घडतं, कारण हा तराजूचा स्वभाव आहे. 'बेंड करताना इतर तारा उतरतात म्हणून ब्रिज बदलायचाय' असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. डोलत्या ब्रिजऐवजी डोलता ब्रिज बसवून ते दुखणं जाणार नाही.

सूर कुठून सुटतो, ते गिटारलाच विचारा

नव्या तारा घाला, हाताने हलके ओढून त्यांचा ताण बसू द्या, सूर लावा, नट जखडा. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहा. आधी दांडी खोल दाबून हळूच सोडा आणि सूर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर सहाही तारा तपासा. सूर पुन्हा नीट लावा. आता दांडी वर ओढून सोडा आणि परत तपासा.

दाबून सोडल्यावर सगळ्या तारा मिळून उतरलेल्या आणि ओढून सोडल्यावर सगळ्या मिळून चढलेल्या दिसल्या, तर ब्रिज पूर्ण परतत नाही, जिकडे नेला तिकडेच थोडा अडकतो. म्हणजे धार किंवा स्टडची खाच खराब आहे.

उलट घडलं, म्हणजे दाबून सोडल्यावर तार चढली आणि ओढून सोडल्यावर उतरली, तर संशय नटवर घ्या. दांडी दाबल्यावर नट आणि ब्रिजमधली तार सैल पडते, पण नटच्या पलीकडे ट्यूनरच्या बाजूची ताणलेलीच असते. नटची पकड ढिली असेल तर ती तार आपल्याकडे ओढून घेते, आणि परतल्यावर सूर चढा निघतो. इथे ब्रिज निर्दोष आहे. नटच्या पट्टीखाली तारेने पाडलेला चर पाहा, स्क्रू पाहा, आणि नट स्वतः नेकवर हलत नाही ना, तेही पाहा.

एकच तार प्रत्येक वेळी फक्त उतरत असेल, तर ती सॅडलमधल्या चिमट्यातून निसटते आहे. तिथला छोटा ठोकळा झिजून खड्डा पडलेला असतो. हा ठोकळा सुटा मिळतो आणि बदलायला पाच मिनिटं लागतात.

राहिलं लाकूड. स्टड ज्या धातूच्या नळीत बसतात ती नळी लाकडात ढिली झाली, तर तारांच्या ओढीने स्टडच झुकतो. दांडी हलवताना स्टडच्या बुडाशी बोट ठेवा, हालचाल जाणवते. अशा लाकडात नवा ब्रिज बसवणं म्हणजे हलत्या उंबऱ्यावर नवं दार बसवणं. आधी लाकूड दुरुस्त व्हायला हवं.

मऊ धातू, कडक धातू

पेटंटमुळे इतर कारखान्यांना ही रचना परवाना घेऊन बनवावी लागे, म्हणून अनेक ब्रिजवर 'फ्लॉइड रोझच्या परवान्याने' अशा अर्थाचा मजकूर कोरलेला असतो. पुष्कळांना ती दर्जाची खूण वाटते. परवाना फक्त रचनेचा होता, धातू कोणता वापरायचा हे त्यात येत नव्हतं. म्हणून त्या एकाच मजकुराखाली उत्तम ब्रिजही सापडतात आणि दोन वर्षांत झिजणारेही.

फरक मुख्यतः दोन धातूंचा आहे. स्वस्त ब्रिजमध्ये जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतात. ओतकाम स्वस्त, पण हा धातू मऊ. चाळीस किलोंच्या आसपासच्या ओढीखाली मऊ धार कडक स्टडवर हजारदा घासली की बोथट होणारच. मऊ सॅडलमध्ये स्क्रू जास्त आवळला तर आटे जातात, कधी सॅडलला चीरही पडते. कडक केलेल्या स्टीलची धार बरीच वर्षं टिकते. मूळ फ्लॉइड रोझ जर्मनीत शालर कंपनीकडे बनत आला आहे. १००० नावाची मालिका कोरियात, जवळपास त्याच आराखड्यावर बनते. स्पेशल नावाच्या मालिकेत सॅडल आणि ब्लॉक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. जपानच्या गोटोह कंपनीचा जीई१९९६टी हा स्टीलचा, चांगल्या नावाचा पर्याय. आयबानेझ या गिटार कंपनीची एज मालिका वेगळी. तिचे सुटे भाग फ्लॉइड रोझला चालतील असं धरून चालू नका. आयबानेझनेच झेडआर ब्रिजमध्ये धारेऐवजी बॉल बेअरिंग वापरून पाहिले होते. झीज हे या यंत्रणेचं जुनं दुखणं आहे, हे यावरूनही कळतं.

बोथट धार कानशीने घासून तीक्ष्ण करावी का? माझं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असं आहे. कडकपणा बऱ्याचदा वरच्या थरापुरता असतो, घासताना तोच जातो. शिवाय दोन्ही धारा एका रेषेत ठेवणं हाताने जवळजवळ अशक्य आहे.

संपूर्ण ब्रिज न बदलता

धार चांगली असेल तर सुट्या भागांनी बरंच काम होतं. स्टडच्या खाचेत खड्डा पडला असेल तर फक्त स्टड बदला. हा मला सगळ्यात फायद्याचा आणि सगळ्यात दुर्लक्षित बदल वाटतो. धारेच्या टोकाला थेंबभर घट्ट ग्रीस लावली तरी फरक पडतो.

ब्लॉक बदलण्याची चर्चा सगळीकडे असते. जस्ताऐवजी जड पितळी ब्लॉक लावला की स्वर थोडा भरीव वाटतो, नाद थोडा जास्त टिकतो, असा अनेकांचा अनुभव आहे, माझाही आहे. पण 'थोडा' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे. नवा पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) किंवा ताज्या तारा जितका फरक पाडतात, तितका ब्लॉक पाडत नाही. आणि सूर टिकण्याशी त्याचा संबंध जवळपास नाहीच. बेसूर गिटारवर पितळी ब्लॉक बसवला तर ती भरीव आवाजात बेसूर वाजेल.

बदलायचाच असेल तर आधी मापं

इथे घाई सगळ्यात महाग पडते. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचं उपकरण, घेऊन बसा, साध्या पट्टीने भागणार नाही.

पहिलं माप दोन स्टडमधलं, मध्यापासून मध्यापर्यंत. मूळ फ्लॉइड रोझ आणि त्याच्या आराखड्यावरच्या ब्रिजना ते सुमारे ७४ मिमी असतं. परवान्यावर बनलेल्या काही ब्रिजना यापेक्षा कमी-जास्त असतं. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण धार खाचेत सरळ न टेकता तिरकी टेकली, तर पहिल्याच आठवड्यात झिजायला लागते. फरक असेल तर जुनी भोकं लाकडाने बुजवून नवी पाडावी लागतात. ते काम चांगल्या कारागिरानेच करावं, कारण स्टडची जागा चुकली की तारांची लांबी चुकते आणि वरच्या फ्रेटवरचे, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरचे, स्वर कधीच जुळत नाहीत.

स्टडच्या नळीचा व्यास आणि आटेही पाहा. नव्या ब्रिजसोबत त्याचेच स्टड वापरणं उत्तम. जुन्या नळीत ते बसले नाहीत तर नळ्या काढून नव्या घालाव्या लागतात.

मग ब्लॉकची उंची. फ्लॉइड रोझचे ब्लॉक साधारण ३२, ३७ आणि ४२ मिमी उंचीत मिळतात. बॉडी पातळ आणि ब्लॉक उंच, तर तो गिटारच्या पाठीतून बाहेर डोकावतो आणि झाकण बसत नाही. फार आखूड घेतला तर स्प्रिंगचा जोर कमी अंतरावरून लागतो आणि दांडीचा हातातला ताण बदलतो. जुना ब्लॉक मोजा आणि तेवढाच घ्या.

त्यानंतर पोकळी. ब्रिजच्या मागच्या बाजूला फाइन ट्यूनरच्या खाली लाकूड खोदलेलं असतं, दांडी वर ओढताना शेपटीला तिथे जागा लागते. नव्या ब्रिजची शेपटी लांब किंवा खोल असेल तर ती लाकडाला आपटते.

शेवटी गोलाई. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, सपाट नसतो, किंचित उंचवट्याचा असतो, आणि तारांचा उंचवटा त्याला जुळावा लागतो. या ब्रिजवर सॅडलची उंची प्रत्येक तारेसाठी वेगळी फिरवता येत नाही. ती सॅडलच्या घडणीतच असते: मधली दोन सर्वांत उंच, त्यांच्या बाजूची मध्यम, कडेची दोन सर्वांत बुटकी. तुमचा फ्रेटबोर्ड जास्त सपाट असेल तर कडेच्या सॅडलखाली पातळ पत्रे घालून जुळवणी करतात. सॅडल उलटसुलट बसवणं ही नेहमी घडणारी चूक आहे, म्हणून काढताना क्रम लिहून ठेवा.

नट शक्यतो जुनाच ठेवा, जर त्याची पकड चांगली असेल. बदलायचाच असेल तर त्याचे आकार सांकेतिक नावांनी येतात, उदाहरणार्थ आर२ सुमारे ४१ मिमी रुंद, आर३ सुमारे ४३ मिमी.

माझ्या साध्या गिटारला हा ब्रिज बसेल का

बसतो, पण लाकूड खोदून. समोरून आणि पाठीतून आरपार पोकळी, नेकच्या टोकाला नटसाठी कापलेली जागा. हे परत जोडता येत नाही. कॅमवर, म्हणजे फिरत्या उंचवट्याच्या चाकावर, चालणारा काहलर ब्रिज हा थोडा सौम्य पर्याय आहे, त्याला आरपार पोकळी लागत नाही, तरी थोडं खोदावं लागतंच. चांगल्या स्थितीतली जुनी गिटार यासाठी फोडायला माझा हात धजणार नाही. हा ब्रिज असलेली दुसरी गिटार शोधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दांडी वापरतच नाही, मग बंद करू का

जरूर करा. ब्लॉक आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी नेमक्या मापाचे लाकडी तुकडे घातले की ब्रिज स्थिर होतो. तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात, बेंड करताना सूर हलत नाही, आणि चिमटे असल्यामुळे सूर टिकतोही उत्तम. शेपटीकडचा तुकडा वगळून फक्त नेककडचा घातला, तर वेगळा परिणाम मिळतो: नेककडच्या तुकड्यामुळे ब्रिज मागे पडत नाही, दांडी खाली दाबता येते, वर ओढता येत नाही. किती तरी वादकांना एवढंच हवं असतं, आणि त्यासाठी नवा ब्रिज लागत नाही.

बसवताना

तारा पूर्ण सैल करा, मग पाठीतल्या स्प्रिंग ब्लॉकपासून सोडा. स्प्रिंगची दुसरी टोकं ज्या धातूच्या पंजात अडकतात, त्याला एक वायर डाख देऊन जोडलेली असते. ती अर्थिंगची. तुटली तर अ‍ॅम्प गुणगुणायला लागतो, म्हणून पंजा झटक्याने ओढू नका. स्टडची उंची तारा ताणलेल्या असताना कधीही फिरवू नका. फिरणारी खाच धारेला किसणीसारखी घासते, आणि नवा ब्रिज पहिल्या दिवशीच जखमी होतो.

तोल साधण्याची एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. ब्रिजची पाटी बॉडीला समांतर येईल अशा बेताने ब्लॉक आणि शेपटीकडची भिंत यांच्यामध्ये लाकडाची पाचर घाला. आता तारा कितीही ओढल्या तरी ब्रिज पुढे झुकणार नाही. नट उघडाच ठेवून, फाइन ट्यूनर मधल्या जागी आणून, सहाही तारा सुरात लावा. मग पंजाचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे, सारखे आवळत जा. स्प्रिंगची ओढ तारांच्या ओढीइतकी झाली की पाचर आपोआप सैल पडून हातात येते. एक तार लावली की दुसरी उतरते, हा तास-तासभराचा वैताग यात वाचतो.

नट सगळ्यात शेवटी जखडा. मूळ फ्लॉइड रोझच्या नटला आणि सॅडलच्या चिमट्यांना ३ मिमीची अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागते. पक्कं आवळा, पण मनगटाच्या जोराने, दंडाच्या नव्हे. नट जखडताना तारा थोड्या चढत असतील तर नटमागची आडवी पट्टी किंचित खाली घ्या. तिचं काम तारांना नटवर आधीच टेकवून ठेवणं हेच आहे. मग फाइन ट्यूनरने उरलेला फरक काढा, दांडी तारा लोंबेपर्यंत दाबा, सोडा, आणि सुरुवातीला वाजवला होता तोच कॉर्ड पुन्हा वाजवा.